मास्तरची ठिणगीशी गाठ

आमच्या ह्यांच्या डोक्यात काय भरलंय, देव जाणे! लाँड्री चालवून चालवून माणसाच्या मेंदूलाही साबण लागतो की काय?

सांगते. मास्तर म्हणजे आमचा ससा. डोळ्यांवर दोन काळे ठिपके, भुवया चढवल्यासारखे, म्हणून मास्तर. त्याची जोडीदारीण पिठी दीड महिन्यापूर्वी गेली आणि ह्या पठ्ठ्यानं खाणंच टाकलं. दिवसातून चार वेळा मांडीवर घ्यायचं आणि सुई काढलेल्या सिरिंजनं पातळ खाणं तोंडात सोडायचं. माझ्याकडे न बघता गिळायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "सोबत मिळाली तर जगेल. नाहीतर असं किती दिवस ओढणार?"

मग टाकून दिलेल्या प्राण्यांना सांभाळणाऱ्या ताईंकडून ठिणगीला आणलं. लालसर, एवढीशी, एका जागी बसेल तर शपथ! ताईंनी बजावलं होतं, "आठ दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. रोज ह्याच्या अंगाखालचं फडकं तिला द्या, तिचं ह्याला. सशांची ओळख नाकानं होते. नवव्या दिवशी मी येईन, मग समोरासमोर सोडू. जुंपली तर मात्र हिला परत नेणार."

आठ दिवस काउंटर मी सांभाळला आणि फडक्यांचं काम ह्यांच्याकडे. रोज विचारायची, "बदललीत का?" रोज उत्तर, "अगं हो, किती वेळा तेच तेच!"

आज नववा दिवस. सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. हद्दीवरून भांडू नयेत म्हणून दोघांनीही कधी पाऊल न टाकलेली जागा हवी होती; तशी एकच आमच्याकडे होती, दुकानामागची इस्त्रीची खोली. टेबल भिंतीला सरकवलं, खाली चादर अंथरली, मधोमध वाळलेल्या गवताचा ढीग केला. ताई आल्या, जाड हातमोजे घालूनच. मी मोठ्या तोऱ्यात दोन्ही फडकी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एक हुंगलं. दुसरं हुंगलं. परत पहिलं हुंगलं.

"ह्यांना तर साबणाचा वास येतोय."

मी ह्यांच्याकडे बघितलं.

"मग, धुऊनच दिली ना!" हे छाती पुढे काढून म्हणाले. "एकाचं मळकं दुसऱ्याच्या अंगाखाली घालू? गिऱ्हाइकाला देईन का मी असं? रोज धुतली, कडक इस्त्री मारली, घडी घालून दिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, वासच तर पोचवायचा होता! तोच धुऊन काढलात तुम्ही!"

ताई तोंडावर हात धरून हसायला लागल्या. मला रडू फुटत होतं. "हसताय काय, ताई? आता पुन्हा आठ दिवस फडकी बदलायची, तोवर हा जगेल का?"

त्यांचं हसू थांबलं. हातमोजा काढून त्यांनी मास्तरच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला हाडंच लागली असणार. "एकदा सोडून बघू," त्या म्हणाल्या.

सोडलं. ठिणगी टुणटुण उड्या मारत थेट मास्तरच्या नाकासमोर! मास्तर गुरगुरला आणि झेपावलाच. दीड महिना कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेला आमचा मास्तर! ती टेबलाखाली, हा मागे. ती बाहेर, हा मागे. लालसर केसांचा झुबका उडाला. ताई मोजा चढवत पुढे सरकल्या.

"थांबा!" मी ओरडले. "अहो, पळतोय बघा तो! पळतोय!"

"चावला तर उचलणार हं मी."

तेवढ्यात ठिणगी थबकली. गर्रकन वळली, मान खाली घातली आणि डोकं सरळ मास्तरच्या हनुवटीखाली सारलं.

"चाट म्हणतेय," ताई कुजबुजल्या. "ह्यानं चाटलं की जमलं."

आगाऊ कुठली! ह्यांनी माझा दंड असा आवळला की कळ आली. आणि मास्तरनं तोंड फिरवलं. संपलं सगळं, मला वाटलं.

ठिणगीला त्याचं काय! तिनं वाट बघितली, कंटाळली, ढिगातून एक लांब काडी ओढली आणि करकर चावायला लागली. मास्तरचे कान उभे राहिले. त्यानं मान लांब केली आणि त्याच काडीचं दुसरं टोक तोंडात धरलं. चावलं. परत चावलं.

"गिळलं का? अगं, गिळलं का?" हे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

मास्तरनं ढिगातून दुसरी काडी घेतली. मग तिसरी.

"आपला आपण खातोय हो!" मला हुंदकाच फुटला. हे मटकन खाली बसले. ताईंनी दोन्ही मोजे काढून पिशवीत टाकले. "राहू दे हिला इथेच," त्या म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी काउंटर बडवत होतं. "अहो, आहे का कुणी? दहाला शर्ट देणार होतात! मला कामावर जायचंय!"

हे उठायला लागले. मी खांदा दाबून त्यांना परत खाली बसवलं.

"थांबा जरा!" मी आतूनच ओरडले. "आमचा मास्तर जेवतोय!"