कंटाळ्याचा सेकंद

लघुपट करणाऱ्या आम्हा चाळीस जणांचा ऑनलाइन गट सुरू झाला तेव्हा नियम एकच होता: कौतुक नंतर, आधी कंटाळा कुठल्या सेकंदाला आला ते लिहायचं. त्या नियमाने मला संकलन शिकवलं, पहिलं कामही मिळवून दिलं. पुढे सगळ्यांचीच एकमेकांकडे कामं अडकली आणि सगळे गोड बोलू लागले.

बारा वर्षांनी, महोत्सवाला पाठवायच्या आदल्या दिवशी, मी माझा लघुपट गटावर टाकला. दुपारपर्यंत एकोणीस 'जबरदस्त' जमा झाले. मग काकूंचा फोन आला. काकू म्हणजे गटातल्या सर्वांत जुन्या संकलक. प्रत्यक्ष भेट कधीच नाही.

"चार मिनिटं बारा सेकंद," त्या म्हणाल्या. "म्हातारा बूट घालतोय. किती वेळ घालतोय रे?"

"काकू, ते माझे बाबा आहेत. मार्चमध्ये गेले."

"तुझे बाबा, बाळा. बघणाऱ्याला तो बूट घालणारा माणूस आहे. एक लेस बांधून झाली की काप."

"अजून तशाच खडूस आहात."

"बाकीच्यांना तुझ्याकडून काम हवंय. मी निवृत्त झाले."

मला ती पहिली वर्षं आठवली: भाड्याची खोली, उसना कॅमेरा आणि रोज कुणीतरी कान उपटणारं.

मी एकतीस सेकंद कापले आणि लघुपट पाठवून दिला. कापलेला तुकडा संध्याकाळी आईच्या फोनवर धाडला.

तिचं उत्तर आलं, "एवढाच आहे का?"