पान एकशे तेरा

पहिली थप्पड बसली तेव्हा सूचीकाकांचा चष्मा उडून शिलाई मशीनखाली गेला. दुसरीला ते स्वतःच दाराच्या चौकटीवर आदळले. हातातली कापडी पिशवी मात्र त्यांनी छातीशी घट्ट धरून ठेवली होती.

"पुन्हा सांग," त्या घरातला चाळिशीतला वेल्डर म्हणाला. "काय झालं म्हणालास?"

"पानं चिकटली होती." ओठ फुटल्यामुळे शब्द नीट निघेनात. "माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली. तुमच्या आईवडलांच्या लग्नाची नोंद मधे राहून गेली."

तिसरा फटका मुठीचा होता.

सूचीकाका म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयाच्या जुन्या कागदांच्या खोलीतले कारकून. जुन्या वह्यांतली लग्नं एकेक करून उतरवायची, नवऱ्याच्या आडनावाची एक चिठ्ठी, नवरीच्या आडनावाची दुसरी, आणि सगळी सूची लावून ठेवायची, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. आपलं कूळ शोधणारी माणसं कुठून कुठून पत्रं पाठवत आणि काका त्यांना बसल्या जागी पणजोबा काढून देत. त्या खोलीत एकच कायदा होता: सूचीत नाही म्हणजे वहीत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं काका ऐटीत म्हणायचे. वही उघडून बघायची कुणाची छाती होती?

एकोणीस वर्षांपूर्वी वेल्डरचा बाप वारला आणि चुलत्यांनी त्याच्या आईकडे लग्नाचा पुरावा मागितला. घरातला दाखला त्यांनी आधीच चुलीत घातला होता. काकांनी सूची चाळली, 'नोंद आढळली नाही' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली सही ठोकली. तो कागद हातात घेऊन चुलत्यांनी त्या बाईला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढत आणलं. ठेवलेली बाई म्हणून तिची भांडी रस्त्यावर भिरकावली. बावीस वर्षांचा वेल्डर मधे पडला, तर त्याच्या उजव्या हातावर लोखंडी कांब घातली. हाड वाकडंच जुळलं. आज तोच वाकडा हात काकांवर चालत होता.

"घर गेलं! आईची अब्रू गेली!" लाथ बरगडीत बसली आणि काका कळवळले. "आता कागद घेऊन आलास? चाटू तो?"

काकांना आपली चूक गेल्या आठवड्यातच कळली होती. कुणाच्या तरी पणजीचं लग्न शोधताना त्यांनी ती वही काढली, तर एकशे अकराव्या पानानंतर एकदम एकशे चौदावं. बोटाला कागद जाड लागला. बांधणीवाल्याची खळ कधीकाळी सांडली असावी. सुरीच्या पात्यानं त्यांनी पानं हळूहळू सोडवली आणि एकशे तेराव्या पानावर, आपणच 'आढळली नाही' असं लिहून दिलेली नोंद वाचून खाली बसले. आडात सगळं होतं, पोहराच फुटका होता. साहेब म्हणाले, "दोन महिन्यांत निवृत्त होताय. खळ मी मागवून देतो, पानं परत चिकटवा आणि तोंडही." काकांनी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना शिवी दिली, नोंदीची शिक्क्याची प्रत काढली आणि पत्ता विचारत इथवर आले.

गलका ऐकून दारात माणसं जमली होती. बायका माना उंचावून बघत होत्या. "अरे, मरेल तो म्हातारा!" कुणीतरी ओरडलं, पण आत कुणी आलं नाही. वेल्डरनं कोपऱ्यातली पहार उचलली.

"मारा," काका म्हणाले. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर ठिबकत होतं. "पण आधी कागद घ्या. भिजेल तो."

"खाली ठेव ती."

आतल्या खोलीतून म्हातारी आली होती, भिंतीला धरत.

"आई, ह्यानंच लिहून दिलं होतं..."

"ऐकलंय मी. कान शाबूत आहेत माझे. खाली ठेव म्हणते ना."

पहार फरशीवर आपटली. म्हातारी काकांसमोर जमिनीवर बसली. काकांना तिच्याकडे बघवेना. ज्या बाईचं आयुष्य आपण एका सहीत मोडलं, ती हातभर अंतरावर होती.

"माझ्यामुळे झालं हे, बाई," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं.

"तुमच्यामुळेच," ती म्हणाली. "माझी सही आहे का त्यात?"

"आहे. शेवटच्या अक्षरावर शाई सांडलीय."

"हात कापत होता माझा. हे हसले होते." तिनं डोळे मिटले. "वाचा."

काकांनी प्रत बाहेर काढली. चष्म्यावाचून अक्षर दिसत नव्हतं, पण या आठवड्यात ती नोंद त्यांना तोंडपाठ झाली होती. तारीख. नवऱ्याचं नाव, वय पंचवीस. नवरीचं नाव, वय एकोणीस, अविवाहित, धंदा शिवणकाम. दोन साक्षीदार. वेल्डर भिंतीला टेकून उभा होता.

"थांबा," म्हातारी म्हणाली.

ती उठली, दारापाशी गेली आणि अर्धवट लोटलेली दोन्ही दारं तिनं सताड उघडली. जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली. एकोणीस वर्षं हीच माणसं तिच्याबद्दल कुजबुजत आली होती.

"जाऊ नका कुणी," ती त्यांना म्हणाली आणि काकांकडे वळली. "आता पहिल्यापासून वाचा. मोठ्यानं."

काकांनी तोंडातलं रक्त गिळलं, भिंतीला धरून ते उभे राहिले आणि तारखेपासून वाचू लागले.