वाकडी बोट, निर्दोष दारं

सरोवर ओलांडणाऱ्या आमच्या म्वान्झा–बुकोबा फेरीबोटीत केबिनची दारं अडकत, आणि त्यापायी सुतार कालेमेरा यांची नोकरी जाणार होती. आणखी एक तक्रार आली की घरी, असं व्यवस्थापक रुगाइमुकामु यांनी लेखी कळवलं होतं. म्हाताऱ्याने प्रत्येक दारावर तीन-तीनदा रंधा मारला होता.

मी जहाजबांधणी शिकवतो. शिकलेल्याचा शब्द वरच्यांपुढे चालतो, या गैरसमजातून कालेमेरांनी मला बोटीवर नेलं.

"मास्तर, लाकूड पावसात फुगतं. हे कोरड्या दिवसांत फुगतं, तेही सरोवर खवळलं तरच. असलं गुणी लाकूड मी जन्मात पाहिलं नाही."

दाराच्या एका चौकटीत मी दोन सुतळ्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरप्या ताणून बांधल्या. लाटा बोटीच्या कुशीवर येऊ लागल्या. बोट डावीकडे कलली की एक सुतळी लोंबे, दुसरी ताठ होई. उजवीकडे कलली की उलट. म्हणजे चौकटच वाकडी होत होती. केळ्यांचे ट्रक सरळ आरपार जावेत म्हणून गेल्या डागडुजीत खालच्या मजल्यावरच्या आडव्या पोलादी भिंती कापून टाकल्या होत्या. जहाज डुलतं तेव्हा त्याचा माथा एकीकडे सरकू पाहतो, तळ दुसरीकडे. दोघांना धरून ठेवतात त्या या भिंतीच. आतला खण काढलेली काडेपेटी बोटाने कडेला दाबून पाहावी. सांध्यांचं पोलाद किती फेऱ्या सोसेल, एवढंच अनिश्चित होतं.

हे सारं मी संचालकांपुढे मांडलं.

"म्हणजे दारांत दोष नाही?" रुगाइमुकामुंनी विचारलं.

"नाही. जहाजात आहे."

"मग बाबांवर उगाच ठपका आला म्हणायचा."

"हो. आणि त्या भिंती—"

"एकेक मुद्दा घेऊ या, मास्तर."

पहिल्याच मुद्द्यावर बैठक संपली. ठपका मागे घेण्यात आला. दारं काढून पडदे लावायचं ठरलं, कारण पडदा अडकत नाही. दारंच नसल्यामुळे सुताराचं पद रद्द झालं. माझ्या अहवालाबद्दल आभाराचा ठराव झाला आणि कालेमेरांना घरी जायला बुकोबापर्यंत बोटीचा मोफत पास मिळाला.

धक्क्यावर त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

"तुम्हीच ठेवा. मी बसने जातो."

"बसला सरोवराला वळसा पडतो, बाबा. बोट उद्या सकाळी पोचवेल."

"पोचवली तर," ते म्हणाले, आणि हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन बसथांब्याकडे निघाले.