अंतऱ्यातलं नाव

मित्रांनो, मी तुडीलची एक जुनी पेटी. हार्मोनियम म्हणा हवं तर, पण गावात मला पेटीच म्हणतात. माझा रंग उडालाय, भाताही धापा टाकतो. तरी अजून सुरात आहे, उगाच नावं ठेवू नका.

राजश्रीच्या वडिलांनी मला विहारातल्या भीमगीतांसाठी आणलं. ते गेल्यावर राजश्री मला वाजवू लागली. पुराच्या वर्षी तिनं आधी मला माळ्यावर चढवलं, तांदूळ नंतर. इतकं कुणी जपत नाही हो.

गावच्या शाळेत शिकवायला महाडहून धम्मपाल यायचा. गळा गोड, आणि जीव राजश्रीवर जडलेला. संध्याकाळी दोघं मला घेऊन सावित्री नदीच्या काठी बसत. भरतीचं पाणी चढत असायचं. एकदा राजश्री त्याला म्हणाली, "पाणी बघ, वर येतं नि मधेच थांबतं. तुझा सूर थांबतच नाय रे." मग तिनं तो थांबा माझ्यावर वाजवून दाखवला. तो तसा गायला. महिनाभरात बंदिश उभी राहिली. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत असते. धम्मपाल म्हणाला, "चाल तुझी आहे. नाव तुझंच येणार."

पुढे तो मुंबईला गेला, नावारूपाला आला, लग्नही तिथंच केलं. राजश्रीनं ते गिळलं. मला पुसता पुसता म्हणायची, "बंदिशीत तरी मी हाय."

गेल्या महिन्यात महाडला त्याचा कार्यक्रम होता. साथीला त्यानं तिलाच बोलावलं. ती नवी साडी नेसून, मला घेऊन आली. बंदिश रंगली. तो थांबा आला तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. शेवटची ओळ आली आणि त्यानं नाव घेतलं, "कहत धम्मपाल".

राजश्रीची बोटं थांबली नाहीत. साथीदारानं गाणाऱ्याला मधे सोडायचं नसतं. पडदा पडल्यावर तिनं विचारलं, "माझं नाव रे?"

"तुला बाहेर कोण ओळखतं, राजश्री?" शाल सावरत तो म्हणाला आणि फोटोला गेला.

घरी येऊन तिनं माझ्यावर चादर टाकली. ती अजून तशीच आहे. मला तिचा राग नाही, त्याचा आहे. मित्रांनो, ज्याच्याकडून काही घ्याल त्याचं नाव चारचौघांत घ्या, एवढं मागते. मला वाळवी लागली तरी चालेल. सलतं ते वेगळंच. तो तिचं नाव खोडत होता, तेव्हा त्याला सूर मीच देत होते.