केसाळ अस्वलाचा कौल

ऑक्टोबर लागला की आमच्या डोंगरावर सुरवंट रस्ता ओलांडू लागतात. दोन्ही टोकांना काळे, मध्ये तांबूस पट्टा, अंगभर ताठ केस. आम्ही त्यांना केसाळ अस्वल म्हणतो. पट्टा रुंद असला तर हिवाळा सौम्य, सुरवंट नुसता काळा असला तर कडक. हा कौल आजवर माझा नवरा हार्लनच द्यायचा. दुसऱ्या कुणाला तोंड उघडू द्यायचा नाही.

यंदा मधुमेहाने त्याची नजर गेली. लाकडं फोडणं, बर्फ उपसणं, त्याला आंघोळ घालणं, सगळं माझ्या गळ्यात पडलं. सत्तरी उलटल्यावर हे झेपत नाही. आमची मुलगी जोलीन गावात खोली तयार ठेवून बसली आहे. पण हार्लनचा एकच हट्ट, "अस्वल काळं निघालं तर जाऊ. नाहीतर हिवाळा इथेच, माझ्या घरात."

एका किड्यावर माझं सगळं अडलेलं! मला त्या किड्याचा आणि हार्लनचा, दोघांचाही संताप आला होता.

काल दुपारी सरपणाजवळ एक सापडलं. उचलताच अंग मुडपून गोल झालं. तांबूस पट्टा चांगला अर्ध्या अंगाचा. मी तिथेच ओंडक्यावर बसले. खोटं बोलले असते तर त्याला काय कळणार होतं? पण त्याच्याकडे आता हा कौल एवढाच उरला होता. मी सुरवंट नेऊन त्याच्या तळहातावर ठेवला.

"सांग, म्हातारे."

"तांबूस आहे. अर्ध्याहून जास्त."

"नीट बघ. पिवळं असेल. ती जात वेगळी, कौलात धरत नाहीत."

"माझे डोळे शाबूत आहेत, हार्लन. तांबूसच आहे."

सुरवंट उलगडून त्याच्या बोटांवर चालू लागला. हे थंडीत पार गोठतात, वसंतात वितळून उठतात, उन्हाळ्यात पिवळसर पतंग होऊन ओसरीच्या दिव्याभोवती फिरतात. त्यांचं बरं आहे. एक हिवाळा मलाही तसं गोठून पडायला आवडलं असतं.

हार्लनने दुसऱ्या हाताने माझा हात चाचपला. कुऱ्हाडीने आलेल्या फोडांवरून अंगठा फिरवला.

"काळं आहे," तो म्हणाला.

"काय?"

"पार काळं. टोकापासून टोकापर्यंत. जन्मभर बघतोय मी, तू मला शिकवू नकोस. जोलीनला फोन लाव."

मला रडू आवरेना. मी फोनकडे वळले, तसा तो मागून म्हणाला, "आणि हे आधी सरपणाखाली सोडून ये. कुणी बघायला नको."