अम्पोफोंचं शेवटचं पाणी

बाबांना जाऊन आठवडा झाला, त्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. सगळे सुतकाच्या काळ्या-तांबड्या कपड्यांत, भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. जो तो बाबांच्या आठवणी सांगत होता आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटत होतं.

माझे बाबा, अम्पोफो, कुमासी शहराच्या पाणीखात्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाले ते नावापुरते. कुठल्याही गल्लीत पाणी गेलं की माणसं खात्यात जायचं सोडून आमच्या दारात! हे लगेच चपला घालून तयार. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते ऐकत बसायचं. एकदा शेजारीण धापा टाकत आली, "अगं बोआतेमा, तुझा नवरा पिऊन रस्त्यात आडवा झालाय!" आई म्हणाली, "प्यायलेत कुठले! नळ ऐकत असतील. ते व्यसन दारूपेक्षा वाईट."

घरीही तसेच. आम्हा भावंडांना स्वतः अंघोळी घालायचे. आई मुसळानं उकडलेले कंद कुटायची आणि हे उखळाशी बसून फूफूचा गोळा उलथायचे. हे बाईमाणसाचं काम, म्हणून त्यांची थोरली बहीण त्यांना येता-जाता टोमणे मारायची.

ही माझी न्यार्को आत्या. जिभेला हाड नाही. सगळ्यांच्या आठवणी रंगात आल्या आणि ती मध्येच उठून उभी राहिली.

"झालं सांगून? मग आता मला एवढंच सांगा, माझ्या भावाला शेवटचं पाणी कुणी पाजलं?"

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात. ते न मिळता गेला, तो पलीकडे पोचला तरी तहानलेलाच राहतो. आणि बायको उशाशी असून पाणी मिळालं नाही, तर तिला मग मातीच्या वेळी त्याच्याजवळ बसू देतील का?

आई उशाशीच होती. मीही होते. ऑपरेशन व्हायचं होतं, पाण्याचा थेंब द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा सारखे म्हणत होते, "बोआतेमा, घोटभर दे ना गं." आई ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसत राहिली. "उद्या देते हं. उद्या हवं तेवढं प्या." ऑपरेशनच्या आधीच बाबा गेले.

आईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझा भाऊ क्वाबेना उठला. "मी पाजलं, आत्या. माझ्या हातानं."

हा तेव्हा खाली औषधाच्या रांगेत उभा होता! पण आत्यानं त्याला छातीशी धरलं. बाबांच्या कुळातले सगळ्यांत वडीलधारे नाना डांक्वा समाधानानं म्हणाले, "बरं झालं. नाहीतर शवपेटीत ठेवायच्या आधी सगळ्यांसमोर बायकोच्या हातून पाजावं लागलं असतं. आता त्याची गरज नाही."

आईनं झटकन मान वर केली. तिच्या हातून पाणी पाजायची वाट क्वाबेनानं बंद केली होती.

माणसं गेल्यावर मी स्वयंपाकघरात क्वाबेनावर तुटून पडले. "काय गरज होती रे तुला मध्ये तडमडायची?"

"ती बया आईला सोलून काढणार होती! मी आईला वाचवलं."

"आणि बाबांचं काय? आता त्यांना पाणी कोण देणार?"

तो रडवेला झाला. "आता खरं सांगितलं तर मी सगळ्या कुळासमोर खोटारडा ठरेन, ताई. मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

आई दारात उभी होती. "भांडू नका," ती म्हणाली. "मी काही बोलणार नाही."

माती व्हायला अवकाश होता, बाबा शवागारात होते. त्या दिवसांत आई पाण्याचा पेला हातात घ्यायची आणि तसाच खाली ठेवायची. "अख्ख्या गावाला पाणी दिलं गं त्यांनी," एवढंच म्हणायची. मला तिची इतकी कीव यायची आणि क्वाबेनाचा इतका राग यायचा, की त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

मातीच्या दिवशी सकाळी बाबांना केंटेचं रंगीत विणीचं वस्त्र पांघरवून पितळी पलंगावर निजवलं. आई उशाशी बसली. क्वाबेनाच्या त्या खोट्यामुळेच तिला तिथे बसायला मिळालं होतं. पेटी आणली. नाना डांक्वा म्हणाले, "उचला."

"थांबा." आई उठली. "त्यांना पाणी मिळालेलं नाही. मुलगा माझ्यासाठी खोटं बोलला. त्यांनी माझ्याकडे मागितलं आणि मी दिलं नाही. मला काय बोलायचं ते बोला, हवं तर हाकलून द्या, पण आधी पाणी आणा."

क्वाबेनानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आत्या ताडकन उठली. आता ही आईच्या झिंज्या धरते, असं वाटून मी मध्ये पडायला पुढे झाले. पण ती तरातरा आत गेली, पाण्याचा पेला घेऊन आली आणि आईच्या हातात दिला.

आई वाकली. "घ्या. हे पाणी घ्या. माझ्यावर रागावू नका. पोरांवर लक्ष असू द्या." तिनं पेला ओठांना लावला. पाणी गालावरून ओघळून केंटेवर सांडलं. तिनं पुन्हा ओतलं. पुन्हा तेच.

"पीत नाहीत," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "अगं, पीतच नाहीत ते."

बायका हंबरडा फोडून रडायला लागल्या.

आत्यानं आपल्या कपड्याच्या टोकानं भावाची हनुवटी पुसली आणि आईचा हात धरला.

"पितोय तो. तू हळू दे," ती म्हणाली. "घाईनं दिलं की त्याला ठसका लागतो, लहानपणापासून."