पायरी आहे

त्या रविवारी कवळीवाल्यांनी नाण्यांच्या दोन पारदर्शक डब्या खिशात घातल्या, तेव्हाच बायकोने बजावलं होतं, की आज काहीही झालं तरी घरी येऊन कपाटाची दारं आपटायची नाहीत. त्यांना खरं नाव होतंच, पण दंतवैद्यांना कवळ्या घडवून देणारा माणूस नाण्यांच्या मंडळात आला आणि पहिल्याच दिवशी त्याचं नाव कवळीवाले पडलं. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती एका शब्दाबद्दल. पायरी.

छंद म्हणाल तर जगावेगळाच. बाकीचे लोक जुनी, दुर्मीळ नाणी शोधतात. हे गृहस्थ बँकेतून रोजच्या चलनातल्या नाण्यांच्या पिशव्या आणायचे आणि भिंगाखाली एकेक धरून त्यातली चूक शोधायचे. नाणं ज्या ठशाने पाडतात, तो ठसा घडवतानाच त्यावर अक्षरं किंचित सरकून दोनदा उमटली, तर त्या ठशाखालून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर ती दुहेरी दिसतात. हाच डबल डाय. रोग्याने मेणात दोनदा चावलं की दातांचा ठसाही असाच दुहेरी येतो, हे कवळीवाल्यांच्या रोजच्या कामातलं, म्हणून हे वेड त्यांना चटकन लागलं. पण शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा असतो तो नुसता यंत्राचा धक्का. नाणं पाडताना ठसा जरासा हलतो, अक्षराच्या कडेला सपाट पायरी पडते, आणि नवशिक्याला स्वर्ग दोन बोटं उरतो. असलं नाणं मंडळात कुणी हुंगतही नाही.

खरं-खोटं ठरवायचे मंडळातले सगळ्यांत जुने सभासद, काका. उभा जन्म रबरी शिक्के कोरण्यात गेलेला, त्यामुळे अक्षराच्या कडेवर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी ‘हो’ म्हटलं की नाणं मंडळाच्या काचपेटीत जायचं आणि त्याखाली शोधणाऱ्याचं नाव लागायचं. ‘पायरी आहे’ म्हटलं, तर ते नाणं घरी न्यायची सोय नव्हती. खाली चहावाल्याकडे जाऊन ते खर्चून टाकायचं, असा काकांनीच पाडलेला पायंडा होता. नाकारलेलं नाणं घरी नेलं, की माणूस पुन्हा भिंग काढतो आणि स्वतःलाच फसवतो, असं त्यांचं म्हणणं. कवळीवाल्यांनी आधीची दोन नाणी अशी निमूटपणे चहात घातली होती. त्या चहाची चव काय लागली असेल, ते विचारू नका.

पण या खेपेला त्यांनी पक्की तयारी केली होती. एकाच ठशाची दोन नाणी मिळाली होती, आणि दोन्हींवर सालातला तीनचा आकडा अगदी एकाच जागी जाड झालेला होता. यंत्राचा धक्का दोन नाण्यांवर हुबेहूब सारखा बसेल का? शेंबडं पोरही नाही म्हणेल. मंडळाच्या रविवारच्या बैठकीत काकांनी दोन्ही डब्या दिव्याखाली तिरक्या धरल्या, भिंग डोळ्याला लावलं आणि शांतपणे म्हणाले, की दोन्ही पायऱ्या आहेत. झालं. कवळीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं रोज संध्याकाळी मान मोडेपर्यंत वाकायचं, घरात ‘चकत्या घेऊन बसलेत’ म्हणून बोलणी खायची, आणि या म्हाताऱ्याने बघितल्यासारखं करून वाटेला लावायचं? ते जिना उतरले, पण चहावाल्याकडे वळले नाहीत. डब्या खिशात घालून तासभर रस्त्यावर नुसते फिरले, मनातल्या मनात भांडले, आणि संध्याकाळी सरळ काकांच्या दारात जाऊन उभे राहिले.

काका एकटेच होते. कवळीवाल्यांनी बसा म्हणायचीही वाट पाहिली नाही. एक डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, की आता नीट बघा, आणि पायरी कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखवा. काकांनी दिवा ओढला, डबी उचलून तिरकी केली, भिंग लावलं. सगळं कसं शिकवल्यासारखं.

"हा तीन बघ. याची शेपटी सपाट आहे," काका म्हणाले. "पायरी."

कवळीवाले बघतच राहिले. रागाच्या भरात त्यांनी डबी उलटी ठेवली होती. वर नुसतं चित्र होतं. साल, आकडे, सगळं खालच्या बाजूला.

"काका, तीन खाली आहे."

काकांनी भिंग टेबलावर ठेवलं. डबी चाचपली, पण प्लास्टिकवरून बोटाला काय कळणार? मग बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता. दीड वर्ष झालं, म्हणाले. दोन्ही डोळ्यांत मधोमध धुकं. डॉक्टरांनी हात टेकले. मंडळात सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती, आणि रविवार गेला की मग त्यांच्याकडे उरलं काय?

"'हो' म्हणायला दिसावं लागतं रे. 'नाही' म्हणायला काही लागत नाही."

कुणाला वाटेल, की हे ऐकून कवळीवाल्यांचं मन विरघळलं असेल. छे! त्यांना आणखीच संताप आला. त्यांनी विचारलं, की माझी आधीची दोन नाणी तरी दिसली होती का? पहिलं दिसलं होतं, काका म्हणाले, ती अस्सल पायरीच होती. दुसरं नव्हतं दिसलं. म्हणजे ते दुसरं नाणं आज कुणाच्या तरी गल्ल्यात, कुणाच्या तरी खिशात खुळखुळत होतं, आणि ते काय होतं हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं. कवळीवाल्यांना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. घोटभर चहासाठी!

काकांनी डबी त्यांच्यापुढे सरकवली.

"तू बघ आणि मला सांग. तुझ्या शब्दावर मी येत्या रविवारी निकाल देतो. सगळ्यांसमोर."

कवळीवाल्यांनी डबी सुलटी केली आणि भिंग लावलं. काका एकेक विचारत गेले. कडेला सपाट पायरी आहे? नाही. आकडा वर उचललेला, गोलसर आहे? आहे. टोक दोन ठिकाणी फुटलंय? थोडंसं फुटल्यासारखं वाटतंय. काकांचा चेहरा उजळला. त्यांनाही 'हो' म्हणायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. दीड वर्षात एकदाही म्हटलं नव्हतं बिचाऱ्यांनी.

"आणि आकड्याभोवतीची जमीन? गुळगुळीत, का संत्र्याच्या सालीसारखी?"

कवळीवाल्यांनी भिंग जरा बाजूला नेलं. एवढ्या दिवसांत ते तीनच्या बाहेर कधी गेलेच नव्हते. जमीन खडबडीत होती. सगळीकडे बारीक बारीक खड्डे. आणि मग त्यांना शेजारचे आकडेही दिसले, तेही सुजलेले. वापरून वापरून झिजलेल्या साच्यातून दात काढले की ते असेच फुगून येतात. ठसा थकलेला होता, इतकंच. थकलेल्या ठशाखालून निघालेली सगळीच नाणी अशी सुजकी निघणार. दोन काय, दोनशेही सापडली असती.

समोर काका कान टवकारून बसले होते. एक शब्द पुरला असता. गुळगुळीत. काकांना कळलं नसतं, आणि काकांनी म्हटल्यावर मंडळात दुसऱ्या कुणाची भिंग लावायची छाती नव्हती. काचपेटी, खाली नाव, घरी ताठ मान. सगळं त्या एका शब्दापलीकडे. कवळीवाल्यांनी पुन्हा बघितलं, दिवा फिरवून बघितलं, दुसरी डबीही काढून बघितली. नाण्यांचा राग आला, काकांचा आला, आणि आपल्या धड चालणाऱ्या डोळ्यांचा तर सगळ्यात जास्त आला.

"सालीसारखी," ते म्हणाले.

"मग ठसा थकलाय," काका म्हणाले, आणि त्यांनी दिव्याचं बटण चाचपत दिवा बंद केला.

घरी आल्यावर कवळीवाल्यांनी कपाटाचं दार हलकेच लावलं. बायकोला तेच जास्त खटकलं. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"आजही नाहीच म्हणाले का हो काका?"

"आज मी म्हणालो," कवळीवाले म्हणाले.